पारव्याच्या लेकी

मथुराकाकीला माझा राग का येतो ते मला माहीत आहे. मला तिचा का येतो ते तिला माहीत आहे. आमच्यामध्ये गडगा आहे, चिऱ्याचा, कमरेएवढा. तो आमच्या बाजूला हातभर सरकवलाय असं आमचं म्हणणं. तिच्या बाजूला सरकवलाय असं तिचं. मोजणी दोघांपैकी कोणीच आणली नाही. मोजणी आली असती तर एकाला गप्प बसावं लागलं असतं.

मी दीपेश. मसुऱ्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. कोंबड्या हा माझा नाद. शिकवायला कोणी नव्हतं. व्हिडिओ बघितले, पिल्लं मेली, परत बघितले, परत मेली. असं करत आलं.

मला काय पाहिजे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अंगाने गावठी, आमचा पाऊस आणि आमचा उकाडा सोसणारी कोंबडी पाहिजे. पिसं पारव्याच्या रंगाची. आणि अंडं निळं. असली अंडी घालणारी जात बाहेरची. बेळगावकडच्या एका माणसाने उबवायला म्हणून एसटीच्या पार्सलने अंडी पाठवली, त्यातली निम्मी वाटेतच फुटली. जगलेल्यांत दोन कोंबड्या निघाल्या आणि दोन कोंबे, म्हणजे कोंबडे. एक काळा, एक पारवा.

आता गोची अशी, की अंड्याचा रंग कोंबडीचा असतो. कोंबा काय अंडं घालत नाही. त्याच्या रक्तात निळं पूर्ण आहे की अर्धं, ते त्याचं तोंड बघून कळत नाही. त्याला साध्या, तांबूस अंडी घालणाऱ्या गावठी कोंबड्यांवर सोडायचं, मुली होऊ द्यायच्या, त्या अंड्यावर येईपर्यंत थांबायचं. सगळ्या मुलींनी निळी घातली तर कोंबा अस्सल. काळ्याच्या निम्म्या मुलींनी निळी घातली, निम्म्यांनी तांबूस. काळा बाद झाला. पारव्याच्या मुली अंड्यावर यायच्या आधीच मानमोडीची साथ आली आणि एकजात सगळ्या गेल्या. त्यांच्या गावठी आयापण गेल्या. पारवा राहिला, आणि मुळातल्या दोन निळ्या अंड्यांच्या म्हाताऱ्या. सगळा खेळ त्या एका कोंब्यावर आला, आणि तो अस्सल आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

त्या पावसात काकी गडग्याला येऊन ओरडली. तिच्या मिरचीची रोपं उकरलेली. पारव्याने उकरली म्हणाली. मी त्याचा एक पंख कापून ठेवलेला, तो गडगा चढणं शक्यच नाही असं मी धरून चाललेलो. ती मला लफंगा म्हणाली, माझ्या मेलेल्या बापाला गडगेचोर म्हणाली. वाडीतली निम्मी माणसं खळ्यात, म्हणजे अंगणात, जमलेली. माझं डोकं फिरलं.

"पारवो तुझ्या खळ्यात गावलो तर काप आणि खा," मी म्हटलं.

"सगळ्यांनी आयकल्यात मां?" काकी म्हणाली. आणि घरात गेली.

पुढे काही महिने शांत होतं. म्हणजे ती माझ्या दारासमोर खाकरून थुंकायची, मी तिच्या बाजूला मुद्दाम मोठ्याने गाणी लावायचो. एवढंच.

मग आईने एक दिवस जेवताना सांगितलं, की काकीच्या घरात कोणीतरी करणीची अंडी ठेवतंय. रोज. पडवीतल्या डालग्यात, तिच्याच कोंबड्यांच्या बुडाखाली. काकी त्यांना हात लावत नाही, करवंटीने उचलून खाडीत टाकते, दुसऱ्या दिवशी परत तिथे. कोण ठेवतंय हे काकीने नाव घेऊन सांगितलं नव्हतं. पण एसटीने पार्सलं कोणाला येतात, आणि परक्या रंगाची पाखरं कोण पाळतं, एवढं रेशनच्या रांगेत बोलून झालेलं. मी हसलो. अंडी कसली ते मी विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही. करणीच्या गोष्टीवर ती फार बोलत नाही.

काकीने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. राखणदाराच्या पाषाणाकडे, वाडीला बोलावून. न जाणं म्हणजे कबूल करणं. म्हणून गेलो. आईपण आली.

वडाखाली पाषाण, पुढे केळीचं पान. बाजूला डालगं, त्यात काकीच्या तलंगा, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, पाय बांधून. गाऱ्हाणं झालं की त्यांना मारून खाडीत सोडायचं होतं. खायचं नाही. धोंडूकाका मानकरी, ते नारळ हातात घेऊन उभे राहिले. मी मागे उभा होतो, मोबाईल बघत. मग सहज मान वर केली आणि पानावर काय आहे ते दिसलं.

निळी अंडी. शाळेच्या भिंतीला देतात तसला फिकट निळा. वर हळदकुंकू.

धोंडूकाका सुरू झालेले. "बा राखणदारा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात जेणां कोणी वाकडा पाऊल टाकल्यान आसात..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ता पाऊल तेच्याच घराकडे फिरव. तेची कोंबडी-कुत्री, तेचा दार-घर..."

"व्हय म्हाराजा." त्यात आईचा आवाज होता. तिला काय माहीत ती कोणाच्या घरावर म्हणतेय.

मी त्या तलंगांकडे बघत होतो. बांधलेल्या, पडलेल्या. एक काळी, एक डागी, बाकीच्या पारव्या. तुरे बुटके, वाटाण्याच्या दाण्यांसारखे. तसा तुरा आमच्या वाडीत एकाच कोंब्याला आहे.

"थांबा," मी म्हटलं.

चालू गाऱ्हाण्यात कोणी बोलत नाही. तिरडीला खांदा देताना मधेच निघून जाण्यासारखं आहे ते. धोंडूकाकांचं तोंड उघडंच राहिलं. मी पुढे गेलो आणि काकीला विचारलं.

"काकी, सगळ्या तलंगांनी निळीच घातल्यानी? एकीन तरी तांबडा घातल्यान?"

"तुका कित्या होयां?"

"सांग मगे."

"सगळ्यांनी. आणि तुझ्या तोंडार हसू खंयचा ह्यां?"

खरं सांगतो, मला हसू आवरत नव्हतं. साध्या गावठी आया, आणि मुली एकूणएक निळ्या. मी स्वतः मांडली असती तर याहून चांगली परीक्षा मांडता आली नसती. पारवा अस्सल होता. बेळगावपासून इथपर्यंत जे काय केलं ते वाया गेलं नव्हतं. आणि ते मला कळत होतं एका पाषाणासमोर, जिथे माझं घर बुडावं म्हणून माझीच आई हुंकार भरत होती.

मी सगळ्यांना सांगितलं. ही करणी नाही. कोणी अंडी ठेवत नाही, तलंगाच घालतात, कारण त्यांचा बाप पारवा आहे. तुरे दाखवले. लोक वाकून बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे दीपेश काकीचो व्याही झालो. हशा झाला. धोंडूकाकापण हसले.

काकी हसली नाही. तिने हशा विरेपर्यंत वाट बघितली.

"म्हणजे तुझो कोंबो माझ्याकडे येय होतो."

मी मोबाईल खिशात टाकला.

"काप आणि खा म्हटलंस."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो. तेवढं विचारून गप्प राहिलो असतो तर तलंगा खाडीत गेल्या असत्या, माझ्या घराला शाप लागला असता, पण पारवा माझ्याकडे राहिला असता. अस्सल आहे हे मला कळलेलं होतंच. बोलायची गरज नव्हती. पण बोललो.

"तुझ्योच कोंबड्यो माझ्याकडे इल्यो असतीत," मी म्हटलं. "माझो कोंबो कशावरून गेलो?"

ती काहीतरी फार घाण बोलली. मीपण बोललो. धोंडूकाकांनी नारळ पाषाणावर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

"हंय उभे रवान खोटा बोला नको. कोणी बघल्यान काय, तेवढा सांगा."

कोणी बोलेना. मला वाटलं सुटलो. मग आई बोलली. माझ्याकडे न बघता, पाषाणाकडे बघत.

"पारवोच जाय. दीपेश दुकानात गेलो काय गडग्यार चढा. पंख वाढलेलो तेचो. भांडाण नको म्हणान मी सांगूक नाय."

झालं.

काकीने खाली बसून तलंगांचे पाय सोडले. आलोच आहोत तर, म्हणून धोंडूकाकांनी नारळ फोडला. खोबरं वाटलं, काकीने माझ्या हातावर ठेवायच्या वेळी हात आखडता घेतला. घरी जाताना मी तिच्या मागे लागलो. माझ्या दोन्ही म्हाताऱ्या घे, म्हटलं. मिरची लावून देतो, गडगा बांधून देतो, तुझ्या बाजूला पाहिजे तेवढी जागा सोडून. ती थांबलीसुद्धा नाही.

"तुझा काय एक नको. कोंबो व्हयो."

तिला कोंबा नको होता. तिच्याकडे कोंबे होते. तिला वाडीसमोर माझा शब्द खायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गडग्याला येऊन उभी राहिली. पाय आत टाकला नाही. पारव्याला मी उचलून नेलं. तो घाबरला नाही, तिच्या हातात शांत गेला, तिची ओळख होती त्याला. तिने पंख एका मुठीत धरले, हातात तोलला.

"हाडाच आसत," म्हणाली.

दुपारी तिकडून खोबरं भाजल्याचा वास आला. तिचा मुलगा सुदेश कुडाळहून बाइकवर आला, वडे तळल्याचा आवाज आमच्या पडवीत ऐकू येत होता. आईने माझ्या ताटात पेज वाढली आणि आत गेली. त्या दिवशी आम्ही बोललो नाही. तिने खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण बोलली असती तर मी काय तिला परत पाषाणासमोर नेऊन जाब विचारला नसता.

पण कोंबा गेला तरी कोंबडीत तो आठ-दहा दिवस राहतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझ्या म्हाताऱ्या निळं घालतच होत्या, आणि ती अंडी अजून पारव्याची होती. मी रोजची उचलून कोंड्यात ठेवत गेलो, टोक खाली करून. आता बसवायची कुठे? थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून मी यंत्र केलेलं, पण आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. मागची खेप त्यातच सडली. माझ्या म्हाताऱ्या खुडूक होत नाहीत, त्या जातीला अंड्यांवर बसायचं माहीतच नाही. वाडीत सगळीकडे विचारलं. त्या आठवड्यात एकच कोंबडी खुडूक होती.

मी टोपली घेऊन गडग्याला गेलो. काकी खळ्यात भांडी घासत होती.

"तुझी खुडूक रिकामीच बसली हा?"

"मगे?"

"अंडी आसत माझ्याकडे."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तेचीच?"

"तेचीच. अर्धेलीन बसव."

अर्धेली आमच्याकडे जुनी आहे. अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, पिल्लं अर्धी-अर्धी. वाटे एकाने घालायचे आणि आधी उचलायचं दुसऱ्याने, म्हणजे कोणी कोणाला फसवत नाही. काकीला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ती हात पुसत आली. एकेक अंडं उचलून उन्हासमोर धरलं.

"वाटे मी घालतलंय," ती म्हणाली. "आणि पयलो हातपण माझो."

"अशी रीत नाय."

"मगे ने घराक. ऑम्लेट कर आवशीक."

मी टोपली गडग्यावर ठेवली. माझ्या बाजूला.

"आणि मरतीत ती?" मी विचारलं.

"मरतीत ती तुझी."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. पलीकडे पारव्याच्या मुली तिची मिरची उकरत होत्या आणि ती त्यांना हाकलत नव्हती. मी टोपली तिच्या बाजूला सरकवली.