पंचमीचा मुराळी

विश्वजितला लहानपणापासून एकच खोड. एखादी गोष्ट पटली नाही, की तिचं मूळ सापडेपर्यंत गडी स्वस्थ बसायचा नाही. फौजेत गेला तरी जित्याची खोड काही गेली नाही. यंदा पंचमीला नेमकी सुट्टी मिळाली आणि थोरल्या बहिणीला, उत्कर्षाआक्काला, माहेरी आणायला तो मुराळी होऊन औंधाहून तासगावकडं निघाला. तीन वर्षं आक्का माहेरी आली नव्हती. दर पंचमीला तिचा निरोप ठरलेला, "बेदाण्याच्या शेडवर काम हाय."

एस्टीतून उतरला आणि आधी शेडकडंच वळला. बेदाणा उन्हाळ्यातच उरकतो, मग श्रावणात हे कसलं काम? रिकाम्या जाळ्यांवर कोंबड्या बसल्या होत्या. माणूस औषधालासुद्धा नव्हतं.

घरी दाजी नव्हते, बाजाराला गेले होते. आक्काची लेक राणी अंगणात खेळत होती. आक्कानं चहा टाकला, पण फळीवरचा साखरेचा डबा काढताना तिचा डावा हात वर जाईना.

"आक्का, शेड तर मोकळं हाय. मग खरं काय?"

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

"दाजी मारत्यात व्हय?"

तिनं गॅस बारीक केला. "तीन वर्षांमागं मी म्हायेरी तेच सांगाय आले व्हते. आईनं वळांवर हळद लावली, दुसऱ्या दिवशी ओटी भरली आन् धाडलं परत. म्हणली, भरल्या ओटीनं गेलेली लेक सुखात ऱ्हाती. तवापासनं मार वाढलाच. हिला इचारणारं कुणी न्हाई, हे त्यास्नी कळलं न्हवं का."

विश्वजितच्या मस्तकात तिडीक गेली. दाजींना दोन ठेवून द्याव्यात, असंही वाटलं. पण त्यानं आक्काचं काय भलं होणार होतं? आणि लेकीवर जीव टाकणाऱ्या आईनं असं का करावं, हे त्याला काही केल्या उमगेना. त्यानं तिथंच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, ठाऊक असून आक्काला परत का धाडलंस?"

"मलाबी माझ्या आईनं असंच धाडलं व्हतं रं. ऱ्हातीस का, असं कुणी इचारलंच न्हाई. इचारायचं असतं, हेच मला ठावं न्हवतं."

आक्का फोनजवळ सरकली. "मग आता इचार की."

"उत्कर्षा," आईनं विचारलं, "ऱ्हातीस का गं हितं?"

आक्काला रडू आवरेना. रडतच तिनं खुंटीवरचं दप्तर काढलं.

"राणीचं दप्तर आणू का, आई?"

"आण. शाळेचा दाखला मागनं काढू."