भाड्याचा झगा

मुलांनो, हातांत पांढरे हातमोजे घातलेत असं समजा. समोर ट्रेमध्ये धुऊन सुकवलेल्या पितळी बांगड्या आहेत. आता एकेक उचला, पण जपून. उघडं बोट लागता कामा नये. जॉयस तशीच उचलत होती, आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली तिची लेक स्टेफनी तिच्या हातांकडे टक लावून पाहत होती.

"आरसे कुठं हाय, मम्मी?"

जॉयसने बांगडी आकड्याला अडकवली. तिसरीतल्या स्टेफनीने उत्तनच्या शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मम्मी दुर्बिणींचे आरसे बनवते. एके काळी ते खरं होतं. काचेवर धातूचा पातळ थर कसा धरतो, यावर जॉयसने भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. प्रयोगशाळेतली हंगामी नोकरी दरवर्षी वाढत गेली आणि एका वर्षी वाढली नाही. कायमच्या जागेसाठी तोवर वय उलटलं होतं. गोडदेवच्या या गाळ्यात तसंच यंत्र होतं, तशीच हवा काढून घेतलेली टाकी. फक्त थर खोट्या दागिन्यांवर चढायचा. लेकीचं बोलणं तिने कधी खोडून काढलं नव्हतं. आज आजी दवाखान्यात गेली, म्हणून पोरीला सोबत आणावं लागलं.

"आरसे न्हाय. बांगड्या हाय."

स्टेफनीने ट्रेकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

"मग बोट का न्हाय लावायचं?"

"बोटाचं तेल लागतं. तिथं थर धरत न्हाय. चार दिवसांत पोपडा निघतो."

मालक जयकुमारभाई पिशवी हलवत आत आले.

"जॉयसबेन, बाजूवाला बोलतो, त्याचा माल चांगला. अरे, उसके पास डॉक्टर है क्या?" त्यांनी पिशवीतून काळा झगा आणि पुठ्ठ्याची चौकोनी टोपी काढली. "फॅन्सी ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलाय. घाला. डब्यावर फोटो छापतो. सायंटिस्टच्या हातचं पॉलिश!"

"शेठ, फोटो नको माझा."

"शरमायचं काय त्यात? इतना पढ़े, कुछ तो काम आना चाहिए ना! आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला पक्कं करायचंय की नाही?"

जॉयसने हातमोजे उतरवले. झगा शाळकरी पोरांच्या मापाचा होता. बाह्या कोपराशीच अडकल्या.

"मम्मी, तू नको बोललीस ना?"

जॉयसने टोपीचा गोंडा सरळ केला आणि यंत्रापुढे जाऊन उभी राहिली.

"हसा ना, मॅडम! मय्यत का फोटो है क्या?" जयकुमारभाईंनी मोबाइल वर धरला.

त्यांच्या पाठीमागे स्टेफनी स्टुलावरून उतरली. सकाळी आजीने चोपडून तेल लावलेल्या केसांतून तिने अंगठा फिरवला आणि ट्रेमधल्या पहिल्या बांगडीवर दाबला. मग दुसरीवर. मग तिसरीवर. घाई नाही, गडबड नाही. मम्मीसारखीच एकेक बांगडी निगुतीने.

जॉयसला सगळं दिसत होतं. एका हाकेत थांबवता आलं असतं.

"हां! अस्संच! बघा, किती छान हसता तुम्ही!"

स्टेफनीने मान वर करून मम्मीचा चेहरा पाहिला, अंगठा पुन्हा केसांतून फिरवला आणि दुसरा ट्रे जवळ ओढला.