पट्टीखालचा लाल दिवा

मी एक दिवा आहे. मुगाच्या दाण्याएवढा, लाल. सुन्नाच्या स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीवर, वेगाच्या काट्याशेजारी माझी जागा. काम एकच, इंजिन फार तापलं की लागायचं. मी लागलो म्हणजे कुणाचा तरी दिवस बिघडला. त्यामुळे मला बघून खूश झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते नॉर्वेच्या उत्तर टोकाचं, फिनमार्कचं उघडं पठार आणि पहिल्याच सकाळी माझ्यावरचा बर्फ अंगठ्याने पुसणारी सुन्ना. ती आणि तिचा थोरला भाऊ हेइका, दोघांचा रेनडिअरचा कळप एकत्र. गाडीचं काही बिघडलं की हेइका दुरुस्त करायचा, आणि हात चालवता चालवता बहिणीला दोन टोमणेही मारायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात माझं नाव खराब झालं. हँडलच्या दांड्याला घासून माझी वायर सोलवटली. गाडी उंचवट्यावर आपटली की वायर लोखंडाला टेकायची आणि मी लुकलुकायचो. सुन्ना थांबायची, कडाक्याच्या थंडीत हातमोजा काढून बॉनेट उघडायची. इंजिन ठणठणीत! वायरीतून मला जे कळतं ते मी सांगतो. ते खोटं आहे हे मला कसं कळावं?

एकदा ती अशी पाच वेळा थांबली आणि कळप टेकडीआड गेला. हेइका वैतागला. "इंजिन बरं आहे गं तुझं. हा दिवाच खोटारडा आहे," म्हणत त्याने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून माझ्या तोंडावर लावला. "संपली कटकट!"

सुन्ना हसली. मला वाईट वाटलं, पण तिचा राग नाही आला. तिची बोटं थंडीने सुजलेली मी रोज बघत होतो.

त्यानंतर वर्षभर मी अंधारात होतो.

पुढच्या एप्रिलच्या शेवटी गाभण माद्या समुद्राकडे न्यायच्या होत्या. हेइका पुढे, मध्ये तीनशे माद्या, आणि त्यांना रेटत सर्वांत मागे सुन्ना. तिच्या पाठीशी, कमरेला धरून, आई बसली होती. एल्ले तिचं नाव. खुबा दुखावल्यापासून तिला चार पावलंही धड चालता येत नव्हतं, पण कळप निघताना घरी राहायला ती तयार नव्हती. उन्हाने बर्फ नरम पडायच्या आत गोठलेला मोठा तलाव ओलांडायचा होता.

तलावावरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडून गेला होता. खाली नुसती काच. आमच्या गाडीला मागे चाकांऐवजी रबरी पट्टा असतो, तो फिरताना बर्फ उडवतो, आणि त्या बर्फानेच इंजिन थंड राहतं. बर्फच नाही म्हटल्यावर इंजिन तापत गेलं. मी लागलो. पट्टीखाली एकटाच जळत राहिलो. पट्टीचा एक कोपरा मात्र थंडीने सुटला होता. आईने मुलीच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"सुन्ना, इथे काहीतरी लाल दिसतंय."

"तो खोटारडा आहे, आई. दादाने बंद केलाय त्याला."

"बंद कुठे केलाय? तोंड झाकलंय. ताप आलेल्या पोराचं तोंड झाकलं की ताप उतरतो होय गं?"

सुन्नाने नखाने पट्टी ओढून काढली. मी लुकलुकत नव्हतो, एकसारखा जळत होतो. आणि बर्फ तर आरशासारखा सपाट होता, कुठे आदळआपट नव्हती. तिच्या कपाळावर आठी आली. तलावातल्या बेटाच्या आडोशाला बर्फाचा ढीग होता. तिथे गाडी नेऊन तिने इंजिन बंद केलं आणि इंजिन निवावं म्हणून फावड्याने बर्फ सीटखालच्या पत्र्यावर टाकायला लागली. तेवढ्यात हेइकाचा फोन.

"थांबलीस का? मागे कुणी नाही म्हटल्यावर माद्या उलट्या फिरतील!"

"दिवा लागलाय, दादा."

"लागू दे! दहा मिनिटांचं अंतर राहिलंय. दामट तशीच!"

सुन्नाने आईकडे पाहिलं. अर्ध्या तलावात इंजिन जाम झालं तर म्हातारीला पाठीवर घेऊन कुठवर जाणार?

"नाही दामटत. आई आहे माझ्या गाडीवर."

आणि माद्या खरोखरच फिरल्या. कळपाचं शेपूट थबकलं, वळलं, आणि सगळा कळप सुन्नाच्या डोळ्यांदेखत आल्या वाटेने परत गेला. ती फावडं धरून नुसती बघत राहिली.

मग तिने हातमोजा काढून, बर्फ न टाकलेला पायाखालचा पत्रा चाचपला. इंजिनची उष्णता कूलंट, म्हणजे नळ्यांतून फिरणारं हिरवं पाणी, तिथवर आणून सोडतं, म्हणून तो गरम हवा. तो गार होता! बॉनेट उघडलं तर गोडसर वास आला. कूलंटच्या टाकीचं झाकण हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत ती थांबली, मग उघडलं. आत थेंब नव्हता.

हेइका आला तो ओरडतच. "तीनशे माद्या, सुन्ना! एका दिव्यापायी!"

सुन्नाने फक्त बोट दाखवलं. नळीची क्लिप सैल होती, खाली हिरवे ओघळ सुकले होते. हेइका वाकला आणि त्याने क्लिप बोटाने हलवून पाहिली.

"ही नळी शरदात मी बसवली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आधी कॉफी घे," आई म्हणाली. "मग कुणावर ओरडायचं ते ठरव."

हेइकाने क्लिप आवळली, आपल्या गाडीतला कूलंटचा डबा आणून ओतला. गाडी पुन्हा सुरू करून मी विझल्यावर त्याने आईला उचलून स्वतःच्या गाडीवर बसवलं आणि आधी तिला काठावर सोडून आला.

कळप गोळा करायला दोन दिवस गेले. तोवर तलावावरचा बर्फ कडेने वितळून काठापासून सुटला होता. लांबचा वळसा घ्यावा लागला. वाटेतच चार माद्या व्यायल्या, एक पिल्लू थंडीत गेलं. हेइका त्यावरून बहिणीला एक शब्द बोलला नाही. घरी परतल्यावर त्याने माझी वायर बदलली, तीही कुणी न सांगता.

आता गाडी जुनी झाली. कळपामागे हेइकाची नवी गाडी जाते. आम्ही लाकडं आणि मासे वाहतो. माझी काच पिवळट पडलीय. एक दिवस मी जळून जाईन, आणि ते मात्र मला कुणाला सांगता येणार नाही. तुमच्या गाड्यांतही माझे भाऊबंद असतील. ते चुकतात कधीकधी, पण त्यांची वायर तपासा. तोंड झाकू नका.

किल्ली फिरवली की मी क्षणभर लागतो, जिवंत आहे एवढं कळवायला. सुन्ना हँडलवर हात ठेवून माझ्याकडे बघते. मी विझतो. मगच ती निघते.