दुसरं माणूस

तुर्भ्याच्या शाळेत जयमालाबाई एकट्याच शिकवत. एकच खोली, पहिली ते चौथी, त्रेसष्ट मुलं. निम्मी गावातली, निम्मी कारखान्यांमागच्या झोपड्यांतली. चौथीला भागाकार सांगायला वळावं, तर पहिलीतलं कुणीतरी दाराबाहेर पडलेलं असे. आणि समोर ट्रकांचा रस्ता.

सत्याऐंशी साली नव्या योजनेतून पत्र्याची पेटी आली. आत भिंग, लोहचुंबक, नकाशे, रंगीत ठोकळे. मागोमाग हुकूम : पेटी वापरण्याचं सहा दिवसांचं प्रशिक्षण, बेलापूरला, हजेरी सक्तीची. तोवर शाळा कुणी सांभाळायची, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

कुलूप लावणं बाईंच्या जिवावर आलं. त्या गावातल्या वेणूबाईंकडे गेल्या. वेणूबाईंची भातशेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती, हात रिकामे होते.

“मी चौथी पास. मी काय शिकवनार?”

“शिकवू नका. कुणी रस्त्यावर जाऊ नये, एवढंच बघा.”

बाई परतल्या तेव्हा पहिलीची मुलं चिंचोके मांडून मोजत होती. त्यांत शेवंता मोठ्यानं मोजत होती. जूनपासून या पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी तिला मंद ठरवून टाकलं होतं.

“तिची बोली मराठवाड्याची,” वेणूबाई म्हणाल्या. “पोरं हसतात, म्हनून गप रवायची. मी जवल बसवली.”

बाईंना स्वतःची लाज वाटली. पाच महिन्यांत त्या शेवंताजवळ पाच मिनिटंही बसल्या नव्हत्या. बसणार कधी?

त्या दिवसापासून वेणूबाई रोज येऊ लागल्या.

जानेवारीत विस्तार अधिकारी खरात तपासणीला आले. पेटीतल्या वस्तू मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, “या कोण?”

बाईंनी खरं ते सांगितलं.

“नियमात बसत नाही हे.”

“मग नियमातलं माणूस द्या, साहेब. पेटी चांगलीच आहे. पण एका वर्गाला चुंबक दाखवते तेव्हा तीन वर्ग माझ्या पाठीमागे असतात.”

खरातांनी तपासणीचा फॉर्म बाईंपुढे सरकवला. मग म्हणाले, “अकरा वर्षं मीही एकट्यानं शाळा चालवलीय. पण या फॉर्मात माणसाचा रकानाच नाही, बाई.” त्यांनी ‘पेटी वापरात आहे’ असं लिहिलं. वेणूबाईंबद्दल मात्र काहीच लिहिलं नाही.

त्यांच्या हातात तेवढंच होतं, हे बाईंना कळलं. तरीही त्या दर महिन्याला दुसऱ्या शिक्षकाची मागणी धाडत राहिल्या. दीड वर्षानं, जूनमध्ये, किसन गायकर नावाचा तरुण मास्तर रुजू झाला.

वेणूबाई आणखी आठवडाभर आल्या. पहिलीतल्या एकेका पोराजवळ त्याला नेऊन सांगत होत्या, “ही उपाशी येते, मास्तर. आधी डब्यातलं कायतरी द्या, मंग पाढे विचारा. हा डाव्या कानानं कमी ऐकतो, याला पुढं बसवा.”

किसन मास्तर वहीत लिहून घेत होता.