तिकीट काढून धाब्यावर

जळगावच्या त्या बारा मजली इमारतीच्या दारात केसरबाई थबकली आणि कपाळावर हात मारून मोठ्याने हसली. वर जायचं तिकीट माणशी दोन रुपये, असं तिला नुकतंच कळलं होतं.

"धाबावर चढाना पैसा? आमना गावमा कुत्राबी फुकट चढस!"

"अक्का, धीरे बोल," तिचा धाकटा भाऊ अभिमन पुढे चाललेल्या होणाऱ्या व्याह्यांकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला. "याही ऐकतीन."

"आजून याही व्हयना नही तो," केसरबाई म्हणाली आणि पदराने घाम पुसला.

धुळ्याकडच्या कापडण्यात जन्म गेलेली बाई ती. तिथली घरं धाब्याची. वर माती धोपटून सपाट केलेली. उन्हाळ्यात अख्खं गाव वरच झोपतं, वरच वाळवणं घालतं, वरूनच भांडतं आणि चार दिवसांनी वरूनच गोड होतं. कोणाच्या धाब्यावर काय पसरलंय यावरून त्या घरात काय चाललंय हे सांगणाऱ्या बायका तिथे गल्लोगल्ली. त्यांतली केसरबाई पहिल्या नंबरची. अशा बाईला छपरावर चढायचं कौतुक सांगायचं म्हणजे कोंबडीला दाणे टिपायला शिकवण्यासारखं.

पण जळगावकरांना त्या इमारतीचं भारी कौतुक. वरचे मजले विकले जाईनात, म्हणून बांधणाऱ्याने गच्चीला कठडा लावला, दोन दुर्बिणी रोवल्या, 'आकाशदर्शन' अशी पाटी ठोकली आणि तिकीट लावलं. त्र्याण्णव सालच्या त्या चैत्रात पाहुणा आला की त्याला आधी वर न्यायचं, अशी गावात रीतच पडली होती. मग पोह्यांऐवजी वारा खायला घातला तरी चालतं.

त्यांना वर नेत होते जीवरामभाऊ. पाइपांच्या दुकानाचे मालक, पांढरी सफारी, बोटात दोन अंगठ्या. यांच्या धाकट्या मुलासाठी अभिमनची मुलगी कोकिळा बघून झाली होती. बाप-लेक कापडण्याला आले, पोरगी पसंत केली, आमरस खाऊन गेले. आता पोरीकडच्यांनी घर बघायचं, म्हणून बहीण-भाऊ पहाटेच्या एसटीने जळगावला आले. तर जीवरामभाऊ स्टँडवरच हजर. "घराला रंगकाम चाललंय," ते म्हणाले. "वासाने बसवणार नाही. घरी माणूसही नाही, थोरली सून माहेरी गेलीय. आपण असं करू, घर वरून दाखवतो. वरूनच त्याचा आवाका कळतो."

अभिमन भाबडा. बारा मजली म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. केसरबाईने मात्र भावाचा दंड धरून त्याला रसवंतीच्या आडोशाला नेलं.

"बैल लेतांना दात देखतस," ती म्हणाली, "आनि पोर देतांना घरना दारमाबी जावानं नही?"

"मोठा मानसे शेतस ते, अक्का."

मोठी माणसं! केसरबाईच्या बापालाही असाच मोठ्या माणसांचा मोह पडला होता. घर बाहेरून पाहिलं, ओसरीवर चहा घेतला आणि पोर देऊन टाकली. त्या घराशी साऱ्या गल्लीने बोलणं टाकलंय, हे केसरबाईला नांदायला गेल्यावर कळलं. तीन उन्हाळे तिने तिथे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकटीने घातले. चौथ्या उन्हाळ्याआधी ती पाठीवरचे वळ घेऊन माहेरी आली, ती कायमची. अभिमनची बायको दोन लेकरं मागे ठेवून वारली तेव्हा धाकटी कोकिळा सहा महिन्यांची होती. तिला केसरबाईने वाढवलं. ती पोर चुकीच्या घरी पडली तर आपण जगून काय केलं, असं तिला मनापासून वाटत होतं.

लिफ्टमधून वर आल्यावर जीवरामभाऊंनी दोन्ही हात पसरले, जणू ती सगळी जमीन त्यांनीच नांगरली होती. "बघा! तो मेहरूणचा तलाव. ते रेल्वे स्टेशन. आणि हवा कशी आहे?"

"हवाच शे," केसरबाई म्हणाली.

गच्चीवर आणखी दहाबारा माणसं कठड्याला लोंबकळत होती आणि 'आपलं घर दिसतं का' हेच शोधत होती. दोन रुपये मोजायचे, बारा मजले चढायचे आणि सकाळी कुलूप लावून आलेलं आपलंच घर बघून खूश व्हायचं. केसरबाईला हसू आवरेना. दुर्बिणीपाशी मगन नावाचा खुर्चीतला माणूस होता. मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि मिनिट संपलं की शिट्टी फुंकायचा.

जीवरामभाऊंनी दुर्बीण स्वतः वळवून धरली. "रुळांच्या पलीकडे बघा. फाटक, पुढे पिठाची गिरणी, तिथून तिसरी गल्ली. काळी टाकी, लाल झाकण. तो दुमजली बंगला आपला!"

अभिमनने पाहिलं आणि विरघळला. "अक्का, केवढं घर शे!"

जीवरामभाऊंनी हाच मोका साधला. खिशातून हळद लावलेली सुपारी काढली. "मग इथेच फोडू या का? आकाशाच्या साक्षीने! जळगावात अजून कोणाची सुपारी इतक्या उंचावर फुटली नसेल."

सुपारी फुटली की सोयरिक पक्की. मग माघार घेतली तर पोरीच्याच नावाला बट्टा. अभिमनचा हात पुढे होऊ लागला.

"थांब," केसरबाई म्हणाली. "माले देखू दे."

तिने दुर्बिणीला डोळा लावला. टाकी सापडली, लाल झाकण सापडलं. रंगाचा डबा कुठे नाही, शिडी कुठे नाही, भिंती होत्या तशाच पिवळ्या. बघत बघत तिची नजर गच्चीवर आली आणि तिथेच थांबली.

ते बिबड्यांचे दिवस होते. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवायचा आणि गरम आहे तोवर ओल्या कापडावर हाताने थापत जायचं. घाटा गार झाला की गोळा होतो, थापला जात नाही. हे काम एकटीचं नव्हेच. त्यासाठी कोणाला बोलवावंही लागत नाही. घाट्याचा वास गेला की शेजारणी आपण होऊन पाट घेऊन येतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. नऊच्या आत सगळं उरकतं. त्या बंगल्याला लागून असलेल्या गच्चीवर तसंच झालं होतं. पांढरी लुगडी बिबड्यांनी भरलेली आणि पाचसहा बायका टाकीच्या सावलीला चहा पीत बसलेल्या.

आणि मधे हातभर उंचीचा कठडा सोडला तर अलीकडे, जीवरामभाऊंच्या गच्चीवर, एकच बाई होती. अकराचं ऊन, भलंमोठं पातेलं, निम्मं लुगडं अजून रिकामं. ती ओणवी होऊन थापत होती. पलीकडच्या बायकांपैकी एकीनेही तिच्याकडे मान वळवली नाही.

मगनने शिट्टी फुंकली. केसरबाई हलली नाही.

"तुमना धाबावर कोन शे, जीवरामभाऊ?"

"आमच्या? असेल कामवाली," जीवरामभाऊ म्हणाले. "घरात नोकरमाणसं असतातच."

"बाई, मिनिट संपलं," मगन म्हणाला.

"तू आखो एक शिट्टी फुक," केसरबाई म्हणाली.

तेवढ्यात त्या गच्चीच्या जिन्यातून एक जाडजूड बाई वर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थापणारी चटकन सरळ झाली. दोन्ही हात घाट्याने बरबटलेले. तिने कोपर वर उचललं आणि कोपरानेच पदर डोक्यावर ओढला.

केसरबाईच्या अंगात हे कोपराने पदर ओढणं मुरलेलं होतं. तीन उन्हाळे तिने तेच केलं होतं.

ती दुर्बिणीपासून बाजूला झाली.

"कामवाली बाई मालकीनले देखीसन कोपरघाई पदर लेस का?" तिने विचारलं. आवाज शांत होता. "ती तुमनी थोरली सून शे. माहेर गयेल नही. आनि तुमना घर बिबडा कराले एक शेजारीन येत नही."

जीवरामभाऊंचा चेहरा उतरला, पण माणूस सफारीतला. "बिबड्यांवरून सोयरिकी ठरवता?" ते हसले. "शहरात असं नसतं, अक्का. आमच्याकडे कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही."

"हाव ना. म्हनीसनच बारा मजला चढीसन डोकावनं पडनं."

कठड्याला लोंबकळणारी दोन माणसं खुदकन हसली. जीवरामभाऊंनी सुपारीवरची मूठ आवळली. अभिमन एकदा बहिणीकडे, एकदा व्याह्याकडे बघत होता. मग तो स्वतः दुर्बिणीपाशी गेला. मगनच्या तोंडात शिट्टी होती, पण त्याने ती वाजवली नाही. अभिमन खूप वेळ बघत राहिला. वळला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"सुपारी राहू द्या, जीवरामभाऊ," तो म्हणाला. आणि बहिणीला म्हणाला, "चाल अक्का. बाराची एसटी शे."

"दोन रुपयांचा तमाशा केलात तुम्ही माझा!" जीवरामभाऊ मागून ओरडले. केसरबाईला वाटलं, खरं आहे, पण तिकीट याचंच होतं.

खाली आल्यावर अभिमनने रिक्षा थांबवली. "एसटी स्टँड," तो म्हणाला.

"नही," केसरबाई आत बसत म्हणाली. "रुळांच्या पलीकडे. फाटक, पिठाची गिरणी, तिसरी गल्ली."

अभिमन तिच्याकडे बघतच राहिला. "अक्का, पोर देवानी नही ना आपले तठे?"

"देवानीच नही. पन घाटा थंडा व्हई जाई."

काळ्या टाकीचं घर शोधायला काहीच वेळ लागला नाही; वरून पाहिलेलं घर केसरबाई विसरत नसे. दार त्या जाडजूड बाईनेच उघडलं. "कोण हवंय?" तिने विचारलं.

"कोनी नही," केसरबाई म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "बिबडा कराले उनू."

असं म्हणत आलेल्या बाईला दारातून परतवायचं कसं, हे खानदेशात कोणाला ठाऊक नाही. ती बाई नुसती तोंडाकडे बघत बाजूला झाली. केसरबाई जिना चढून गच्चीवर गेली, त्या पोरीशेजारी बसली आणि पाण्याच्या भांड्यात हात बुडवले. पोरीने घाबरून कोपर वर उचललं.

"राहू दे वं पदर," केसरबाई म्हणाली. "मी सासू नही. मी शेजारीन शे."

पातेल्यात हात घातला तर घाटा कोमट होता. अजून थापता येण्यासारखा होता. दोघींनी घाई केली. थोड्या वेळाने पलीकडच्या गच्चीवरची एक बाई चहाचा कप खाली ठेवून उठली आणि कठड्यापाशी येऊन उभी राहिली.