पुढचा जन्म

"दाढी अजून लांब लावा. तो पलीकडचा आहे हे पहिल्या नजरेत कळायला हवं," एवढं बोलून दिग्दर्शक निघून गेला.

ज्या धर्माचं हे सोंग चाललं होतं, त्याच धर्माचा मी. रोज गुळगुळीत दाढी करून कामावर येतो. पण मेकअपवाल्याला कोण विचारतो? खुर्चीत माझा जुना मित्र बसला होता. स्टुडिओत त्याला सगळे 'दोस्त' म्हणतात, कारण हिंदी सिनेमात त्याला काम एकच. हिरोचा आमच्यातला नाहीतर सीमेपलीकडचा जिवलग व्हायचं आणि हिरोवरची गोळी आपल्या छातीवर घेऊन मरायचं. स्वतः तो हिरोच्याच धर्माचा.

या वेळी मात्र शेवटी दोघे म्हातारे मित्र बाकावर गप्पा मारत बसतात, असं ठरलं होतं. त्याच बोलीवर त्याने काम घेतलं. या सिनेमात आजोबा मरत नाहीत, असं नातीलाही सांगून बसला होता.

मी त्याच्या हनुवटीला गोंद लावत होतो, तेवढ्यात सहायक सांगत आला की शेवट बदललाय. दोस्त मरणार होता. मरताना म्हणणार होता, "पुढच्या जन्मी मला तुझ्याच देशात जन्म मिळो."

माझं डोकंच सणकलं. "आमच्यात पुढचा जन्म नसतो," मी म्हणालो. "आमचा माणूस असलं काही बोलणार नाही."

दोस्त आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "अरे, हे मी कितीदा तरी बोललोय. तू कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस? माझ्या बापाच्या मयताला खांदा दिलास तू. आम्ही मेल्यावर कुठे जातो, हे विचारावंसं वाटलं नाही तुला?"

तो अर्ध्या दाढीनिशी उठला आणि तडक दिग्दर्शकाकडे गेला. मी मागोमाग.

दिग्दर्शक हसला. "अहो, लोकांना कुठे कळतंय? रडतील, टाळ्या वाजवतील. मेकअपदादा, तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा. तुमचा माणूस मैत्रीसाठी जीव देतोय."

"दर वेळी आमच्याच माणसाने का द्यायचा? एकदा हिरोला देऊ द्या की. त्याची मैत्री काय कच्ची आहे?"

लाइटवाले खो खो हसले. मला संताप आवरत नव्हता. आम्ही जिवंत असताना यांना आमचं करायचं काय, तेच सुचत नाही.

"मी मरणार नाही," दोस्त शांतपणे म्हणाला. "आणि ते वाक्य तर नाहीच."

"मग पुन्हा इकडे फिरकू नका."

दोस्त परत येऊन खुर्चीत बसला. "काढ ही," म्हणाला. मी कापूस भिजवून हळूहळू दाढी सोडवू लागलो. खालची कातडी लालबुंद झाली होती.

"दुखतंय का रे?"

"काढ तू."

बाहेर दिग्दर्शक सहायकाला सांगत होता, "त्याच्या अंगकाठीचा कुणीतरी बघ. दाढी लाव, पाठमोराच मारू. आवाज नंतर टाकता येईल."