आबांच्या टीव्हीतले बिबटे

आबांनी टीव्हीपुढे बसायचं आणि मी त्यांच्या पाठीमागे शिलाई मशीनवर, अशी आमची बापलेकीची दुपार जायची. टीव्ही मीच आणला, त्याला वायफाय मीच जोडलं आणि फुकटात बातम्या दाखवणारं ते अ‍ॅपही मीच टाकलं. फुकट म्हणजे मध्ये मध्ये जाहिराती सोसायच्या, एवढंच. कसल्या बातम्या आवडतील, असं त्यानं सुरुवातीला विचारलं. मी शेती, हवामान आणि आपला जिल्हा निवडलं आणि ब्लाउजच्या बाह्या जोडायला बसले.

मग एका संध्याकाळी त्यात बिबट्या आला. उसाच्या फडातून निघालेला, कुणीतरी मोबाईलवर टिपलेला. रिमोट पलंगाखाली गेला होता, म्हणून आबांनी ती बातमी शेवटपर्यंत पाहिली. रिमोट सापडल्यावर मुद्दाम पुन्हा पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन बिबटे आले आणि आठवडाभरात टीव्हीत दुसरं काही उरलंच नाही. विहिरीत पडलेला, पिंजऱ्यात अडकलेला, गोठ्याच्या पत्र्यावर बसलेला. मेल्या जाहिरातीसुद्धा हातातल्या बॅटरीच्या नि तारेच्या कुंपणाच्या यायला लागल्या.

आबांचा जीव थाऱ्यावर राहिना. माझा भाऊ अमृत आणि अश्विनीवहिनी ऊसतोडीला कोल्हारच्या बाजूला गेलेली, फडाच्या कडेलाच त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, आणि चार वर्षांची संस्कृती त्यांच्याबरोबर. आमच्याकडे लहान पोरं आजीजवळ ठेवून जातात, पण आमची आई गेल्या वर्षी गेली. निघताना वहिनी मला म्हणाली होती, "वन्सं, पोरीला ठिवून घ्या की." मी म्हणाले, लग्नसराईचे ब्लाउज घेतलेत, मला पोरगी सांभाळायला कुठं वेळ? माझं तोंड असंच आहे, डोक्याच्या आधी चालतं.

पाच वाजत आले की आबा ओटा ते पलंग अशा फेऱ्या मारायचे. जाहिरात लागली रे लागली की फोन. "अश्विनी, पोरगी कुठं हाय? आत घे आधी. घेतली का? दे तिला." पोरगी "आले आबा आत" म्हणेपर्यंत फोन ठेवायचे नाहीत. तेवढ्यात जाहिरात संपायची, नवा बिबट्या यायचा आणि आबा पुन्हा ओट्यावर. धड जेवण नाही, धड झोप नाही.

"आरते, लई माजलेत गं," ते म्हणायचे. "जिकडंतिकडं तेच हायेत."

"आबा, तुमी बघता म्हणून ते दाखवतंय. शेजारी पुंजारामकाकांच्या टीव्हीत बघा, एक बिबट्या न्हाई. नुसते कांद्याचे भाव."

"मग त्याचं कोन हाय तिकडं उसात?"

बोलणं खरं होतं, पण दिवसभर कानावर तीच किंचाळी, तीच पळापळ. ऐकून ऐकून माझे दोन ब्लाउजांचे गळे चुकले. वहिनीही एकदा कुरकुरली, की डोक्यावर मोळी असते आणि आबांचा फोन वाजतो, सगळं टाकून कोपीकडं पळावं लागतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

सकाळी आबा देवळात गेले की मी कामाला लागायचे. बिबट्याची बातमी आली की 'नको' दाबायचं आणि कुस्त्या लावून ठेवायच्या. आबा तरणेपणी जत्रेतले पैलवान. आठ दिवसांत टीव्हीनंही ओळखलं. बिबटे गेले, मैदानं आली. आबा स्वतःच मांडीवर थापा मारायला लागले, दोन-दोन भाकरी खायला लागले आणि जाहिरातीत तंबाखू मळायला लागले. पाचचा फोन आधी सहाला गेला, मग एक दिवसाआड झाला, मग बंदच झाला. खरं सांगते, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला अमृतचा फोन आला. आबा कुस्ती बघत होते. मी स्पीकर चालू करून मशीनवरच ठेवला.

"काल दिवस मावळताना कोपीपुढनं बिबट्यानं कुत्रं नेलं," अमृत म्हणाला. "संस्कृती त्याच्यासंगं खेळत हुती. हातभर अंतर, आरते, हातभर."

पोरीला ओरखडासुद्धा नव्हता, पण रात्रभर तिनं आईचा पदर सोडला नव्हता. मोबाईल उचलून मी त्याच अ‍ॅपमध्ये कोल्हार शोधलं. बातमी होती. तीन दिवसांपूर्वीची, शेजारच्याच शिवारात बिबट्या दिसल्याची. आमच्या टीव्हीनं ती दाखवली नव्हती. "तुझ्या मोबाईलमदी न्हाई आली?" मी अमृतला विचारलं.

"माझ्यात नुसती गानी येत्यात."

आबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "संस्कृते, बाळा, तू बाहीर का गं हुतीस?"

पलीकडून बारीक आवाज आला. "तुमचा फोन आल्यावर आत जायचं असतं ना, आबा. मी वाट बघत हुते."

टीव्हीत लोक शिट्ट्या मारत होते. "चुकलं माझं, बाळा," आबा म्हणाले. "मी कुस्ती बघत बसलो."

मला ते ऐकवेना. मी टीव्ही बंद केला. "आबा, कुस्ती तुमी न्हाई, मी लावली हुती," म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. ते चिडतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी फक्त घड्याळाकडं पाहिलं.

"नगरची एसटी किती वाजता हाय?"

"दीडला."

"मग हुबी का? पोरीला घिऊन ये."

मी मशीनवर झाकण घातलं. अर्धवट ब्लाउज तसेच राहिले. नगरला गाडी बदलली आणि पाच वाजले तेव्हा एसटी राहुरीच्या पुढे आली होती. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता आणि मला खिडकीबाहेर बघवत नव्हतं. मी वहिनीला फोन लावला.

"पोरगी कुठं हाय? आत घ्या आधी. घेतली का? द्या तिला."

"आले आत्या आत," असं तिच्या तोंडून ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.